अवकाशयात्रेचे त्रेपन्न भाग आणि आमची गुणवही



आमच्यासारख्या माणसाने व्याख्यानमालेत उभे राहून महागाई भत्त्यावर किंवा बोनसवर बोलावे, अशी अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. यंदाच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे इंग्रजी श्रुतिकेचा विषय छापलेला पाहून आमच्याच सभासदांपैकी काहींनी "म्हातारपणाची चाहूल लागली काय?" असे विचारले. आम्ही त्यांना सांगितले की तुम्ही या, ऐका आणि मग ठरवा. ते आलेले आहेत व पाठीमागच्या रांगेत बसलेले आहेत.

विषय असा आहे. लंडनच्या बी. बी. सी. नभोवाणीवर १९५३ च्या सप्टेंबरात 'जर्नी इंटू स्पेस', म्हणजे अवकाशातील प्रवास, या नावाची श्रुतिकामाला सुरू झाली. चार माणसे अग्निबाणात बसून चंद्रावर जातात, पुढे मंगळावर जातात आणि अखेर पृथ्वीवर येऊ घातलेले संकट टाळण्यासाठी पुन्हा मंगळाकडे निघतात. १९५३, १९५४ आणि १९५५ अशा तीन साली लागोपाठ तीन कथा झाल्या. पहिलीचे अठरा भाग, दुसरीचे वीस आणि तिसरीचे वीस, प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा. नंतर १९८१ साली दीड तासाचा एक भाग झाला आणि २००८ व २००९ मध्ये आणखी एकेक. म्हणजे पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत छप्पन वर्षे लोटली. आम्ही चौघांनी मिळून या मालेच्या मूळ तीन कथा आमच्या संघटनेच्या कचेरीत बसून ऐकल्या आणि प्रत्येक भागाला दहापैकी गुण देऊन ते शाळकरी वहीत लिहून ठेवले. त्या वहीविषयी आज बोलायचे आहे.

प्रथम एक हिशेब सांगितला पाहिजे. तीन कथांचे भाग अठ्ठावन्न होतात, आणि आम्ही ऐकले ते त्रेपन्न. याचे कारण असे की बी. बी. सी.ने पहिल्या कथेच्या ध्वनिफिती पुसून टाकल्या होत्या. त्या काळी फीत महाग होती आणि श्रुतिका ही वर्तमानपत्रासारखी, एकदा झाली की झाली, असा समज होता. पुढे परदेशांतील केंद्रांना पाठवण्यासाठी १९५८ साली ती कथा 'ऑपरेशन लूना' या नावाने पुन्हा बसवली, ती तेरा भागांत. आज ऐकायला मिळते ती हीच. उरलेल्या दोन कथाही नाहीशा झाल्या असेच पुष्कळ वर्षे समजले जात होते. १९८६ साली परदेशी पाठवण्याच्या तबकड्या भलत्याच ठिकाणी ठेवलेल्या सापडल्या, म्हणून त्या वाचल्या. ज्यांनी युनियनच्या कचेरीतील जुने करारपत्र शोधण्यात चार दिवस घालवले आहेत, त्यांना या प्रसंगाचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

आम्हाला ही माला मिळाली ती एका जुन्या सभासदाच्या मुलामुळे. तो इंग्लंडात नोकरीला आहे. त्याने सुट्टीवर येताना सीडींचा जुडगा आणला आणि म्हणाला, "दादा, तुम्हाला इंग्रजी सुधारायचं होतं ना?" आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी आम्ही शिकलो ते लेबर कोर्टाचे निकाल शब्दकोश घेऊन वाचत. त्यामुळे 'रिट्रेंचमेंट' आणि 'रीइन्स्टेटमेंट' हे शब्द आम्हाला 'गुड मॉर्निंग'च्या आधी आले. बोललेले इंग्रजी मात्र कानावरून निसटून जाई. अर्धा तास कान देऊन बसावे, म्हणजे सवय होईल, एवढाच आमचा हेतू होता.

आम्ही चौघे म्हणजे असे: एक निवृत्त इंग्रजीचे मास्तर, तिशीतला एक वहिफणी कामगार, त्याला अवकाशाचे भारी वेड, घरी कांडी भरण्याचे काम करणाऱ्या एक आक्का, ज्या खरे म्हणजे कचेरीत दुसऱ्या कामासाठी आल्या आणि पहिला भाग ऐकून तिथेच रमल्या, आणि आम्ही. दसरा झाल्यावर सुरुवात केली. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या आदल्या रात्री, दोन भाग. आक्कांना इंग्रजी येत नव्हते. भाग संपला की मास्तर त्यांना गोष्ट सांगत. तरीही गुण देण्यात त्या मागे राहिल्या नाहीत. गोष्टीआधीच, नुसत्या आवाजावर, त्या आपला आकडा सांगून मोकळ्या होत.

मालेचा लेखक आणि निर्माता चार्ल्स चिल्टन. या माणसाबद्दल थोडे अधिक सांगितल्यावाचून आम्हाला पुढे जाता येणार नाही. त्याचा जन्म १९१७ साली लंडनमध्ये, गरिबीत झाला. बाप पहिल्या महायुद्धात वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मेला. मुलाला तो आठवण्याचा प्रश्नच नव्हता. आई लहानपणीच गेली. आजीने वाढवले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पंधराव्या वर्षी तो बी. बी. सी.त निरोप्या पोऱ्या म्हणून लागला, आणि तिथून ग्रामोफोन तबकड्यांच्या ग्रंथालयात मदतनीस झाला. ज्या संस्थेत बहुतेक सर्व साहेब मोठ्या विद्यापीठांतून आलेले, तिथे हा मुलगा तबकड्या लावता लावता संगीत शिकला, लिहायला शिकला आणि निर्माता झाला. त्यापूर्वी त्याने अमेरिकेतील गुराख्यांच्या गोष्टींची 'रायडर्स ऑफ द रेंज' ही माला गाजवली होती. अवकाशाची माला त्याने त्यानंतर हाती घेतली. १९५३ साली अवकाशात एकही कृत्रिम उपग्रह नव्हता, स्पुटनिक उडायला अजून चार वर्षे होती. म्हणजे माहिती मिळवायची ती पुस्तकांतूनच. या मालेविषयी नेहमी असे सांगतात की संध्याकाळच्या वेळी दूरचित्रवाणीपेक्षा अधिक श्रोते मिळवणारी ब्रिटनमधील ही शेवटची नभोवाणी-माला.

आपल्याशीही या माणसाचे एक नाते आहे. दुसऱ्या महायुद्धात तो हवाई दलात होता आणि त्याला सिलोनला धाडले गेले. तिथे सैनिकांसाठी 'रेडिओ सीअॅक' नावाचे केंद्र चालत असे, त्यावर त्याने काम केले. युद्ध संपल्यावर त्याच केंद्राची यंत्रसामग्री सिलोनकडे आली आणि त्यातून रेडिओ सिलोन उभे राहिले. १९५२ पासून बिनाका गीतमाला ज्या रेडिओ सिलोनवरून ऐकू येई, ते हेच. आमच्या वडिलांच्या पिढीने ज्या ध्वनिक्षेपकाला कान लावून बुधवारच्या रात्री काढल्या, त्याच्या पायाभरणीच्या दिवसांत हा निरोप्या पोऱ्या तिथे काम करून गेला होता. त्याचा तिथला सहकारी डेव्हिड जेकब्स पुढे या मालेत आला आणि लहानमोठ्या कितीतरी पात्रांचे आवाज त्याने एकट्याने काढले.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. श्रुतिकेत अवकाश कसे दाखवायचे? म्हणजे ऐकवायचे? चंद्रावर हवा नाही. हवा नाही म्हणजे आवाज नाही. जिथे आवाजच नाही ती जागा केवळ आवाजाने उभी करायची, असा हा उफराटा प्रश्न आहे. चिल्टनने तो सोडवला तो माणसांच्या द्वारे. यानाच्या आत असताना चौघांचे आवाज भरीव व जवळचे येतात. बाहेर पडले की त्यांचे बोलणे पोशाखातील रेडिओवरून होते, म्हणून आवाज बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा करतात. ही युक्ती फार साधी आहे. माणसाच्या आवाजातील खर्जाचा आणि अगदी वरचा भाग गाळून टाकला, की टेलिफोनवर येतो तसा आवाज उरतो. श्रोत्याला कोणी सांगावे लागत नाही. त्याला आपोआप कळते की हा माणूस आता बाहेर आहे, एकटा आहे आणि त्याच्या व मृत्यूच्या मध्ये फक्त एक कापड आहे. भरीला त्या काळचे घुमाऱ्याचे दालन: रिकाम्या, कठीण भिंतींच्या खोलीत एका टोकाला कर्णा ठेवायचा, दुसऱ्या टोकाला ध्वनिग्राहक, आणि त्यातून आवाज फिरवून आणायचा. मालेचे नाव पुकारले जाते ते असेच, अग्निबाण वर चढण्याच्या आवाजावर घुमत घुमत. आमच्या कचेरीच्या पत्र्याखाली पहिल्यांदा ते ऐकले तेव्हा आक्कांनी पदर डोक्यावर घेतला.

चार माणसे कोण? कप्तान जेट मॉर्गन; ऑस्ट्रेलियन यंत्रज्ञ मिच, ज्याने यान बांधले; डॉक, जो वैद्य आहे आणि रोजनिशी ठेवतो; आणि रेडिओ सांभाळणारा लेमी, लंडनच्या कामगार वस्तीतला. जेटचे काम अँड्रयू फॉल्ड्स यांनी केले. हे गृहस्थ पुढे राजकारणात शिरले व १९६६ साली मजूर पक्षातर्फे स्मेदिक येथून पार्लमेंटात निवडून आले. दोनच वर्षांपूर्वी तिथे परदेशांतून आलेल्या लोकांविरुद्ध विखारी प्रचार करून विरोधी उमेदवार जिंकला होता, त्याचा त्यांनी पराभव केला. लेमीचे काम आधी डेव्हिड कॉसॉफ यांनी आणि पुढे आल्फी बास यांनी केले; दोघेही लंडनच्या 'युनिटी थिएटर' या कामगार रंगभूमीवर वावरलेले. हे सारे आम्हाला नंतर कळले, पण कळल्यावर गुण वाढवण्याचा मोह झाला नाही असे म्हणणे खोटे होईल.

गुण कसे द्यावेत यावर आमच्यात पहिल्या महिन्यातच भांडण झाले. यंत्रमागाची मजुरी पिकावर ठरते, म्हणजे एका इंचात आडवे धागे किती, त्यावर. विणणाऱ्याचे कौशल्य, सुताचा खराबपणा, वीज किती वेळा गेली, यांपैकी काहीही त्या आकड्यात येत नाही. तीस वर्षे आम्ही ज्या हिशेबाशी भांडत आलो, तोच हिशेब आम्ही श्रुतिकेला लावू लागलो: किती वेळा दचकलो, किती वेळा हसलो, बेरीज करा. याने झाले असे, की ज्या भागात उल्का आदळते त्याला नऊ, आणि ज्यात चौघे बंद यानात अंधारात बसून हवा किती उरली याचा हिशेब करतात त्याला चार. मास्तर म्हणाले, "पण त्या चार गुणांच्या भागावाचून नवाचा भाग उभा राहील का?" बिनतोड होते. तेव्हापासून नियम केला की कोणत्याही भागाचे गुण त्याच रात्री द्यायचे नाहीत. पुढचा भाग ऐकल्यावर मागच्याचे द्यायचे. मालिकेत भागाचे काम पुढच्या भागाला खांदा देण्याचे असते, त्यामुळे ते काम झाले की नाही हे आठवडाभराने कळते. आक्कांनी हा नियम कधीच पाळला नाही.

याच नियमावरून आणखी एक वाद निघाला. १९५३ च्या मूळ कथेत पहिले काही भाग जमिनीवरच घडत होते, आणि त्या काळात श्रोते घटू लागले. यान उडाले तेव्हा ते परत आले. १९५८ ची आवृत्ती बांधताना जमिनीवरचा तो भाग काढून टाकला. वहिफणीवाल्याच्या मते हे योग्यच झाले. आमचे मत वेगळे होते व आहे. अग्निबाण कोणी बांधला, त्याला पैसा कोणी दिला, कोणाच्या जिवावर तो उडाला, हे ऐकायला आम्हाला आवडले असते. पण पुसलेल्या फितीला गुण देता येत नाहीत.

पहिल्या कथेतील सर्वांत चांगली कल्पना लेमीच्या कानाची आहे. तो रेडिओ लावून बसलेला असतो आणि त्याला एक चमत्कारिक संगीत ऐकू येते, पृथ्वीवरचे नसलेले. तो घाबरतो, आणि इतरांना वाटते की एकांताने याचे डोके फिरले. जे एकाला ऐकू येते आणि बाकीच्यांना येत नाही, त्यावर विश्वास कसा बसावा? पुढे कथा काळाच्या प्रवासाकडे वळते, चौघे हजारो वर्षे मागच्या पृथ्वीवर जाऊन पडतात, आणि तिथे ती थोडी सैल होते. अरण्याचे भाग आम्हाला लांबट वाटले. पण ते संगीत लक्षात राहते. आम्ही मात्र त्या भागांना साडेचार, पाच असे गुण दिले आणि शेऱ्यात लिहिले, "लेमी एवढा कशाला घाबरतो? आवाज साधा घुमण्याचा आहे." शेजारी मास्तरांचे आठ, वहिफणीवाल्याचे नऊ, आक्कांचे दहापैकी दहा.

असे पुन्हा पुन्हा होऊ लागले. जिथे इंजिनाच्या आवाजात कोणी हळू बोलतो, जिथे पोशाखाच्या रेडिओवरून बोलणे चालते, तिथे आमचा आकडा खाली. शेऱ्यात आम्ही एकच वाक्य लिहीत होतो, "ध्वनिमुद्रण सदोष." सातव्या की आठव्या वेळी वहिफणीवाल्याने वही उघडून पाहिली व म्हणाला, "दादा, मुद्रण फक्त तुमच्याच खुर्चीत सदोष आहे." आक्कांनी तर सरळ विचारले, "तुमास्नी ऐकू येत न्हाई का, दादा?"

आम्हाला राग आला, हे कबूल केले पाहिजे. मास्तरांनी एक प्रयोग केला. ते आमच्या पाठीमागे दहा पावलांवर उभे राहिले आणि एकेक शब्द उच्चारू लागले. आम्ही ऐकू आलेला शब्द मोठ्याने म्हणायचा. मास्तर म्हणाले 'सात', आम्ही म्हणालो 'हात'. मास्तर म्हणाले 'शेत', आम्ही म्हणालो 'हेत'. 'फार' चा आम्ही 'आर' केला. वीसपैकी नऊ शब्द चुकले, आणि एकाही वेळी आम्हाला शंकासुद्धा आली नाही. चुकीचा शब्द आम्हाला अगदी स्वच्छ ऐकू येत होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही सरकारी रुग्णालयात जाऊन कानाचा आलेख काढून घेतला. तो कसा वाचायचा हे समजावून सांगितले पाहिजे, कारण या सभागृहात ज्यांना त्याची गरज आहे असे पुष्कळजण बसलेले आहेत. कागदावर डावीकडून उजवीकडे खर्जापासून वरच्या स्वरापर्यंत आकडे असतात, आणि वरून खाली आवाज किती मोठा करावा लागला ते. धडधाकट कानाची रेघ वरच्या बाजूला आडवी जाते. म्हातारपणाने बहिऱ्या होत जाणाऱ्या कानाची रेघ उजवीकडे हळूहळू उतरत जाते. आवाजाने गेलेल्या कानाची रेघ मात्र चार हजारांच्या आसपास विहिरीत पडल्यासारखी खाली जाते आणि पुढे थोडी वर येते. आमच्या दोन्ही कानांच्या रेघांना ती विहीर होती.

याचा परिणाम असा होतो. बोलण्यातील स्वर, म्हणजे आ, ई, ओ, हे खालच्या पट्टीत असतात. ते शाबूत राहतात. स, श, फ, त, थ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत आणि मुळात दुबळी. ती आधी जातात. म्हणून अशा माणसाला कोणी बोलते आहे हे ऐकू येते, पण काय बोलते ते नीट कळत नाही. तो म्हणतो, "मला ऐकू येतं, पण लोकच हल्ली पुटपुटतात." इंग्रजीत तर अनेकवचन बहुधा एका 'स'वर चालते. आमचे इंग्रजी कच्चे आहे असे आम्ही समजत होतो, त्यातले निम्मे इंग्रजी नव्हतेच.

यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. आपल्याकडील कारखाना नियमांत आठ तासांसाठी नव्वदाची मर्यादा घातलेली होती. दहाचा फरक थोडा वाटतो, पण हे माप चढत्या भाजणीचे आहे. दहाने वाढले म्हणजे कानावर येणारी शक्ती दहापट झाली. १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टच्या अनुसूचीत आवाजाने येणारा बहिरेपणा हा धंद्याचा रोग म्हणून नोंदलेलाही होता. पण लहान लहान शेडांत विभागलेल्या मागांना तो कायदा लागूच होत नसे, आणि जिथे लागू होता तिथे वाचणारे कोणी नव्हते. आम्ही मागावर असताना रात्री कानात शिट्टी वाजते म्हणून तक्रार केली होती. तपासणाऱ्याने मळ आहे म्हणून तेल घालायला सांगितले. दहा वर्षांनी दुसऱ्याने वय झाले म्हणून सांगितले. वय तेव्हा एकोणचाळीस होते.

पण दुसऱ्यांना बोल लावण्याआधी घरचे सांगितले पाहिजे. त्या रात्री आम्ही संघटनेची सारी मागणीपत्रे कपाटातून काढली. मजुरी, बोनस, ओळखपत्र, हजेरीपुस्तक, संडास, पिण्याचे पाणी, सगळे आहे. आवाजाचे कलम एकाही मागणीपत्रात नाही. त्यांतली बहुतेक आमच्या हातची आहेत. सभेत लोक मोठ्याने बोलतात, फोनवर ओरडतात, बायका घरी म्हणतात की हे ऐकत नाहीत, यावर आम्ही विनोद करत आलो. विणकर म्हणजे बहिरा, असे धरूनच चाललो होतो.

अशा मनःस्थितीत आम्ही मालेच्या दुसऱ्या कथेला बसलो. 'द रेड प्लॅनेट', म्हणजे लाल ग्रह, वीस भाग. आमच्या मते संपूर्ण मालेत ही श्रेष्ठ. एक मुख्य यान आणि आठ मालवाहू याने मंगळाकडे निघतात, साल कथेत १९७१. त्यांतल्या एका यानावर व्हिटेकर नावाचा माणूस आहे. तो सांगितलेले काम करतो, चुकत नाही, तक्रार करत नाही. त्याच्या आवाजाला चढ-उतार नाही. पुढे त्याचे जन्मसाल तपासतात, तर तो फार म्हातारा असायला हवा होता, आणि तसा तो दिसत नाही. हळूहळू उलगडते की मंगळावर पृथ्वीवरून नेलेली अशी कितीतरी माणसे आहेत; त्यांना संमोहित करून कामाला लावले आहे, आणि त्यांतल्या काहींना आपण अजून पृथ्वीवरच आहोत असे वाटते. एक शेतकरी जोडपे आपण ऑस्ट्रेलियातच राहतो अशा खात्रीने मंगळावर संसार करते आहे.

या कथेत कोणाला साखळदंड नाही, कोणाला चाबूक नाही. आपल्याला काय ऐकू येत नाही हेच त्या माणसांना ठाऊक नाही. व्हिटेकर पहिल्यांदा बोलला तेव्हा मास्तरांनी अजून काही सांगितले नव्हते, आणि आक्का म्हणाल्या, "ह्यो माणूस झोपंत बोलतोय." आम्ही त्या भागाला पूर्ण दहा गुण दिले. व्हिटेकरचे बोलणे सपाट, संथ व खालच्या पट्टीतले असल्यामुळे ते आम्हाला इतर कोणाहीपेक्षा स्पष्ट ऐकू आले, हेही त्या दहा गुणांत असेल.

तिसरी कथा 'द वर्ल्ड इन पेरिल'. हिच्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती आम्हाला दमलेली वाटली. तेच संमोहन, तोच पाठलाग, त्याच अंधाऱ्या जागा. चांगला आहे तो वाद: तुम्हाला युद्ध नको, उपास नको, मग आमच्या हुकमतीखाली सुखाने राहायला हरकत काय, अशा अर्थाचा प्रश्न पृथ्वीच्या माणसांपुढे ठेवला जातो, आणि त्याला उत्तर देताना ती चाचपडतात. आम्ही वाटाघाटीच्या टेबलावर हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत ऐकलेला आहे. सरासरी सहा. तिन्ही कथांचा एक मोठा दोष आक्कांनी काढला तो असा, की एवढ्या लांबच्या प्रवासात चौघांबरोबर एकही बाई नाही. मास्तरांनी तो काळ तसा होता म्हणून बाजू घेतली. आक्का म्हणाल्या, त्या काळात बायका न्हवत्या व्हय? प्रत्येक कथेचा एक गुण कापला गेला. विज्ञानाबद्दल मात्र आम्ही गुण कापले नाहीत. मंगळाचे जवळून छायाचित्र १९६५ साली मरिनर ४ ने पाठवले. त्याच्या दहा वर्षे आधी लिहिणाऱ्याला तिथली खरी ओसाडी ठाऊक असणे शक्य नव्हते.

चिल्टनच्या बापाची गोष्ट आम्ही अर्धी सोडली होती. तो बापाची कबर शोधायला फ्रान्समध्ये आरासला गेला. कबर नव्हती, ज्यांची कबरच नाही अशा सुमारे पस्तीस हजार नावांची भिंत होती, आणि तीत एक नाव. त्यातून त्याने शिपायांच्याच गाण्यांवर 'द लाँग लाँग ट्रेल' हा कार्यक्रम १९६१ साली केला आणि त्यावरून १९६३ मध्ये 'ओ व्हॉट अ लव्हली वॉर' हे नाटक उभे राहिले. अवकाशमालेत हुकूम निमूट पाळणाऱ्या माणसांची एवढी भीती का आहे, याचे उत्तर आम्हाला इथे सापडते असे वाटते. चिल्टन २०१३ साली वारला. २००८ चा भागही त्यानेच लिहिला होता, नव्वदीत.

उन्हाळ्यात आम्हाला श्रवणयंत्र मिळाले. त्याने गेलेला कान परत येत नाही. आतील बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. यंत्र फक्त वरची पट्टी मोठी करून देते, आणि त्याबरोबर ताटवाट्यांचा आवाजही मोठा करते. तरी आम्ही यंत्र लावून 'ऑपरेशन लूना' पुन्हा पहिल्यापासून ऐकली. लेमीला ऐकू आलेले संगीत लागले, आणि त्या घुमण्याच्या वर आणखी काही आहे हे आम्हाला प्रथमच कळले. बारीक, उंच, न संपणारे. आम्ही यंत्र काढले, ते नाहीसे झाले. लावले, परत आले. साडेचाराचे साडेआठ केले आणि जुना शेरा न खोडता त्याखाली तारीख घातली. 'ध्वनिमुद्रण सदोष' असे शेरे एकंदर अकरा होते. अकराही ठिकाणी तारीख पडली. एका ठिकाणी मात्र गुण कमी झाले: ज्या लांब शांततेला आम्ही नऊ दिले होते, तिच्यात यंत्राची घरघर चालू होती.

त्यानंतर संघटनेच्या कचेरीत आम्ही दोन दिवस कानाची तपासणी ठेवली. मास्तरांचीच वीस शब्दांची यादी पहिल्या चाळणीला वापरली आणि जे चुकले त्यांना आलेखासाठी रुग्णालयात पाठवले. नव्या मागणीपत्रात आवाजाचे कलम सहावे आहे: शेडमध्ये वर्षातून एकदा आवाजाचे मोजमाप, प्रत्येक कामगाराचा कामावर लागतानाचा आलेख, आणि फेसाची कानबुचे मालकाच्या खर्चाने. कापसाचा बोळा घालतात त्याने वरची पट्टी फारशी अडत नाही, हे सर्वांनी लक्षात ठेवावे. कलमावर अजून बोलणी चालू आहेत.

आमचा वहिफणीवाला मित्र, ज्याचे कान आम्हा चौघांत सर्वांत तीक्ष्ण म्हणून आम्ही त्याच्या गुणांचा मत्सर करत होतो, त्यानेही सहज म्हणून आलेख काढून घेतला. रेघ वरच आहे. फक्त चार हजारांपाशी, उजव्या कानाला, एक लहानसा खळगा आहे. त्याचे वय एकतीस. तो आता कानबुचे घालतो आणि पुढचा आलेख दिवाळीनंतर काढायचा आहे. १९८१ चा भाग आम्ही तोपर्यंत राखून ठेवला आहे.